सर म्हणतात जर्सी ओढा, काय करू?

प्रश्न : मुलगा नववीत, शाळेच्या बास्केटबॉल टीममध्ये आहे. सर सांगतात, समोरचा सुटला की जर्सी ओढा, रेफरी बघत नसेल तर कोपर मारा. बोलू का त्यांच्याशी? – एक बाबा, नेरूळ

उत्तर : बोलाच, पण पोरांसमोर नको, प्रॅक्टिस संपल्यावर एकटे गाठा. बॉलसाठी न जाता नुसती जर्सी ओढली की अनस्पोर्ट्समनलाइक फाउल, समोरच्याला 2 फ्री थ्रो आणि वर बॉलही त्यांचाच, एकाच प्लेयरचे असे 2 झाले की तो मॅचबाहेर, म्हणजे जिंकायच्या हिशोबानेही तोटाच. आणि कोपर कुणाच्या दातावर बसलं तर? जिंकायची भूक हवीच, मला आवडते ती, पण मग डिफेन्समध्ये पाय हलवायला शिकवा ना, कंटाळवाणं असतं पण पोरं त्यानेच तयार होतात. सरांनी ऐकलं नाही तर मुख्याध्यापकांना लेखी द्या, आणि मुलाला आजच सांगा, बेंचवर बसवलं तरी चालेल, जर्सी ओढायची नाही.