नाव नोंदवण्याआधी एवढं कराच

पाकिटं छापायला टाकण्याआधी ट्रेडमार्कच्या नोंदवहीत शोध घ्या. एखादं अक्षर बदललं म्हणजे सुटलो असं समजू नका. उच्चार सारखा आणि धंदा जवळचा असेल, तर हरकत येऊ शकते.

मालाचं वर्णन करणारं नाव टाळा. साबणाला ‘शुद्ध साबण’ म्हटलंत, तर ते शब्द इतरांनाही लागतात; एकट्याला मिळणं कठीण. मनाने घडवलेला शब्द सगळ्यात भक्कम. जाहिरात करणारे कुरकुर करतील, तरी त्यावर ठाम राहा.

वर्ग नीट निवडा. ट्रेडमार्कसाठी माल आणि सेवांची जी आंतरराष्ट्रीय विभागणी आहे, त्या नीस वर्गीकरणात एकूण 45 वर्ग आहेत. भाजलेली कॉफी 30 मध्ये, कॉफी शॉप 43 मध्ये. दोन्ही करणार असाल तर दोन्ही घ्या.

नोंदणी त्या-त्या देशापुरतीच असते. बाहेर विकायचं असेल, तर पहिल्या अर्जापासून 6 महिन्यांत पॅरिस करारातल्या (ट्रेडमार्क, पेटंट यांच्या संरक्षणाचा करार, हवामानाचा नव्हे) इतर देशांत अर्ज करा, म्हणजे तिथेही पहिल्या अर्जाचीच तारीख धरली जाते.

आणि नाव मिळालं की त्यावर लक्ष ठेवा! ‘एस्केलेटर’ हा ओटिस कंपनीचा ट्रेडमार्क होता. तो सरकत्या जिन्याचं सामान्य नाव होऊन बसला आणि 1950 मध्ये अमेरिकेत रद्द झाला. तारखेसह बिलं, जाहिराती जपून ठेवा. वाद झाला की वापराचा पुरावा तोच.