‘भविष्य नाही’ असं लिहून देणार नाही

प्रश्न : मुलगा बारावी सायन्सला आहे. जेईईचा क्लास लावलाय, पण जीव सगळा हातवारे करून खेळायच्या व्हिडिओ गेममध्ये. म्हणतो, असे गेम बनवणार. फोनवर लेझमीचा कसलासा खेळ करून गणपतीत मंडळाच्या पोरांना दाखवत बसला, त्यात आठवडा वाया. शेवटी कन्सोल माळ्यावर टाकला. वी, किनेक्ट ही असल्या खेळांची यंत्रं, सगळी बंद पडलीत. या प्रकाराला भविष्य नाही, एवढं लिहून द्या, म्हणजे त्याला दाखवता येईल.
– एक पालक, बडोदा

उत्तर : लिहून देणार नाही. ‘त्याला दाखवता येईल’ हे वाचून मला काळजी वाटली. मुलाशी बोलायचं सोडून तुम्ही त्याच्याविरुद्ध पुरावे गोळा करताय. कन्सोल माळ्यावर गेल्याने अभ्यास वाढला, असं तुम्ही तरी कुठे म्हटलंय? घरातलं बोलणं मात्र नक्की कमी झालं असेल. तो आजच खाली काढा, वेळ दोघांनी मिळून ठरवा.

आणि पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही तक्रार म्हणून लिहिलीत. फोनमधला सेन्सर वेगातला बदल टिपतो. हात नेमका कुठे आहे, हे त्याला थेट कळत नाही. तेवढ्यावर लेझमीचा ठोका ओळखायचा, तर हाताची प्रत्येक हालचाल आधी बारकाईने बघावी लागते. हे कुठल्या क्लासात शिकवत नाहीत.

आता तुमचा गैरसमज. यंत्र बंद पडलं म्हणजे विषय संपला, असं नसतं. वी 2006 मध्ये आला, 10 कोटींहून जास्त खपला. पण पूर्ण हात फिरवायची गरज नाही, मनगटाच्या झटक्यावरही टेनिसचा फटका बसतो, हे लोकांना लवकरच कळलं. आणि बऱ्याच गेममध्ये बटणाच्या जागी नुसता हातवारा आला. कल्पना तिथे तोकडी पडली. किनेक्टचं उत्पादन 2017 मध्ये थांबलं, पण अदृश्य ठिपके टाकून अंतर मोजायचं पहिल्या किनेक्टचं तंत्र ज्या कंपनीचं होतं, ती ॲपलने 2013 मध्येच घेतली होती. 2017 चा आयफोन टेन ठिपके टाकूनच चेहरा ओळखू लागला. ‘योहान सेबास्टियन जाउस्ट’ नावाचा एक गेम आहे, 2014 मध्ये प्लेस्टेशनवर आला. त्याला पडदा लागतच नाही. हातात कंट्रोलर धरून जर्मन संगीतकार बाखच्या संगीताच्या लयीत जपून हलायचं आणि दुसऱ्याच्या कंट्रोलरला हिसका बसेल असं करायचं. सगळे एकमेकांकडे बघत खेळतात. तुमच्या मुलाचं लेझीम याच वाटेवरचं आहे.

त्यालाही सांगा, गेम खेळणं आणि बनवणं ही दोन वेगळी कामं आहेत. फक्त अशा गेमवर पोट भरेल, अशा नोकऱ्या आपल्याकडे फारच थोड्या. लाखो रुपये फी घेणाऱ्या ‘गेम डिझाइन’ डिप्लोमांच्या जाहिरातींना भुलू नका. डिझाइनचा पाया भक्कम झाला, तर व्हीआर (चष्म्यातून दिसणारं आभासी जग), म्युझियम, फिजिओथेरपीची साधनं, सगळीकडे हालचाल समजणारा माणूस लागतो.

जेईई चालू द्या, सोबत यूसीड (आयआयटीतल्या डिझाइनची प्रवेश परीक्षा) आणि एनआयडीचा (राष्ट्रीय डिझाइन संस्थेचा) फॉर्म भरा. जुम्मादादा व्यायाम मंदिर गावातच आहे. तिथे जाऊन अंगाची हालचाल बघू दे, रेखाटू दे. लेझमीचा खेळ कसा सुचला, कुठला ठोका ओळखताना फसला, मग काय बदललं, हे चित्रांसकट वहीत उतरवून ठेवायला सांगा. एनआयडीच्या दुसऱ्या फेरीत हाताने करून दाखवावं लागतं, तिथे हा सराव कामी येईल.