ऐंशीचा हिशेब

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप ऐकला, पाठवलेला खर्चाचा तक्ताही पाहिला. गुरुजी, म्हणजे तुझे बाबा, रिटायर झाल्यावर शेत विकून थायलंडात राहायला जायचं म्हणतात. "बाबांना अडवलं तर मी मतलबी, नाही अडवलं तर मूर्ख," असं म्हणतोस. मतलबीचं सोड. चार एकरांवर पोराचा डोळा आहे असं पारावर कोणी बोललं तर बोलू दे. बापाची जमीन राहावी असं पोराला वाटतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. दुसऱ्या शब्दाबद्दल मात्र बोलावं लागेल, कारण तो तक्ता पाहून माझं डोकं फिरलं.

चियांग माईत एका खोलीचा कॉन्डो, म्हणजे फ्लॅट, भाडं 10,000 बाट (तिथलं चलन). भाजीपाला, स्कूटरचं पेट्रोल, लाइट बिल, महिन्यातून दोनदा मसाज (हे गुरुजींनी सांगितलं की तूच घातलंस?). खाली बेरीज, आणि बेरजेखाली लाल अक्षरात, "पेन्शनमध्ये आरामात." बाबू, बेरीज बरोबर आहे. अठ्ठावन्न वर्षांचा, सकाळी कॅनॉलपर्यंत चालून येणारा, स्वतःच्या हातानं धुऱ्यावरचं गवत कापणारा माणूस धरला तर एकदम बरोबर. पण ऐंशी वर्षांचे गुरुजी यात कुठं आहेत? कोणत्या रकान्यात? साठीचा हिशेब घालू नको, ऐंशीचा घाल.

मी हे व्हिडिओ पाहून सांगत नाही, तुला ठाऊक आहे. हिंगणघाटच्या गिरणीत काम शिकलो, नाखोन पाथोमच्या गिरणीत पोट भरलं, आणि नोकरी संपल्यावर तिथंच काही वर्षं पेन्शनरांच्या व्हिसावर राहिलो. देश चांगला आहे. माणसं आपल्यापेक्षा हळू बोलतात, रांगेत उभी राहतात. गुरुजींना जावंसं वाटलं यात मला नवल नाही. 2023 च्या नोव्हेंबरात आपल्या लोकांना तिथं विनाव्हिसा फिरायला जाता येऊ लागलं, तेव्हापासून आर्वी-पुलगावकडचेही लोक जाऊन फोटो टाकायला लागलेत. पण फिरायला जाणारा माणूस आठ दिवसांत परत येतो. त्याला तिथं म्हातारं व्हायचं नसतं.

तुझ्या तक्त्यात व्हिसासमोर 1,900 बाट लिहिलेत. ती वर्षाच्या मुदतवाढीची नुसती फी झाली. फीसोबत काय दाखवावं लागतं ते ऐक. वय पन्नास पूर्ण, आणि थाई बँकेत 8 लाख बाट, नाहीतर महिन्याला 65,000 बाटांचं उत्पन्न. आज एक बाट अडीच रुपयांच्या वर आहे. महिन्याला एक लाख साठ हजारांच्या वर पेन्शन असलेला जिल्हा परिषदेचा मास्तर मला दाखव, मी त्याच्या पाया पडतो. मग उरले 8 लाख बाट, म्हणजे वीस लाखांहून जास्त रुपये, म्हणजेच तुमचं शेत. बरं, ते पैसे खायचे नाहीत. अर्जाआधी दोन महिने आणि मंजुरीनंतर तीन महिने पूर्ण रक्कम तशीच ठेवायची, उरलेलं वर्षभर 4 लाखांच्या खाली जाऊ द्यायची नाही, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच. तिथल्या बचत खात्यावर टक्काभरही व्याज सुटत नाही. शेत निदान तूर-कपाशी तरी देतं.

आणि ते पैसे इथून तिकडे जाताना? वर्षाला दहा लाखांच्या वर बाहेर पाठवलं की वरच्या रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापून घेते. रिटर्न भरल्यावर तो वळता होतो, पण तोवर अडकलेला. तुझा सीए हे सांगेलच. तो बाटाच्या भावाचं सांगणार नाही. 2000 साली बाट सव्वा रुपयाच्या आत होता. पेन्शन रुपयात, दूध बाटात. गुरुजी ऐंशीचे होतील तेव्हा एक बाट कितीला पडेल, हा आकडा तुझ्या तक्त्यात कुठं आहे?

इमिग्रेशनच्या ऑफिसातला एक माणूस मला आजही दिसतो. तिथं राहणाऱ्या परक्या माणसाला दर नव्वद दिवसांनी पत्ता कळवावा लागतो, टीएम 47 नावाचा फॉर्म असतो. चुकलं तर 2,000 बाट दंड. आता ते ऑनलाइनही होतं, मान्य. पण वर्षाच्या मुदतवाढीला जावंच लागतं. हा म्हातारा गोरा होता, पाय सुजलेले, म्हणून चपलेचे पट्टे ब्लेडनं कापून घातलेले. प्लास्टिकच्या पिशवीत पासबुक, पासपोर्ट आणि औषधाच्या पट्ट्या, सगळं एकत्र. त्याचा नंबर आला आणि त्याला उठताच येईना. खिडकीतली मुलगी बाहेर आली, त्याच्यासमोर गुडघ्यावर बसली, फॉर्म तिनंच भरला, बोटानं दाखवून सह्या घेतल्या. इतकं करून शेवटी पासबुक उघडलं तर त्यात त्या दिवसाची नोंद नव्हती. नियम तसा आहे, त्याच दिवशीची नोंद लागते. तिनं हात जोडले आणि त्याला बँकेत परत पाठवलं. तो साठीचा असता तर पाच मिनिटांत जाऊन आला असता.

ऐंशीचा हिशेब म्हणतो तो हाच. पैशाचा तर आहेच, पण उठून बँकेत कोण जाणार, हाही त्यातच येतो.

आता दवाखाना. थायलंडची 30 बाटांत उपचाराची योजना 2002 पासून आहे, फार नावाजलेली आहे, आणि ती थाई नागरिकांसाठी आहे. आपल्याला खासगी दवाखाना. गुरुजींची इथली मेडिक्लेम पॉलिसी काढून वाच, बहुतेक पॉलिसी भारताबाहेर चालत नाहीत. तिथला विमा साठीत मिळतो, सत्तरीनंतर हप्ता दरवर्षी चढतो, आणि जुनं दुखणं असलं की तेवढंच वगळतात. गुरुजींना शुगर आहे. म्हणजे शुगर सोडून सगळ्याचा विमा.

तुझी काकू तिथं न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड गेलं. ऑपरेशनआधी डिपॉझिट भरा म्हणाले, मी कार्ड पुढे केलं, लिमिट पुरलं नाही. गिरणीतल्या जुन्या पोरांनी रात्रीतून पैसे जमवले. ऑपरेशन उत्तम झालं, त्यात काही खोट काढणार नाही. पण पुढचे महिने! व्यायाम शिकवणारी बाई थाईत बोलायची. काकूला बाजारापुरती थाई यायची, मिरची-कोथिंबिरीची. "मांडीची शीर ओढते" हे ती कशी सांगणार? मी मध्ये दुभाषा, आणि बायकोचं दुखणं परक्या बाईला समजावताना मलाही शब्द सापडत नव्हते. इथं असती तर सेवाग्रामच्या कस्तुरबात नेलं असतं, नणंदा-जावा आलटून पालटून बसल्या असत्या. आता तर सत्तरी ओलांडलेल्यांना 2024 च्या ऑक्टोबरपासून आयुष्मानचं पाच लाखांचं कार्डही आहे, पगार-पेन्शन न विचारता. ते चियांग माईत चालत नाही.

त्यानंतर मी गाशा गुंडाळला. आणि इथं खरं ते लिहितो, काकूला यायचं नव्हतं. अजूनही दर उन्हाळ्यात ऐकवते. तिथं तिला डोक्यावर पदर घ्यावा लागत नव्हता, सायकलवर बाजारात जायची, कोणाच्या बारशाला काय दिलं याचा कोणी हिशेब ठेवत नव्हतं. इथं आल्यावर चुलतसासूची सेवा, शेजारणीचे टोमणे, वर 'पैसा संपला म्हणून आले' हे गावभर. परवाच म्हणाली, "तुमच्या हिशोबात मी कुठी होती?" मी गप्प बसलो. पण बाबू, तू सांग, मी काय करायला हवं होतं? तिचं हाड परत मोडलं असतं तर? आधी मला काही झालं असतं तर? साठीत ती सायकल चालवत होती. मी तिला ऐंशीत पाहत होतो. कोणीतरी पाहायला हवंच होतं ना? गाव काही का म्हणेना, पैसा संपला नव्हता. पासबुक आहे माझ्याकडे, कोणालाही दाखवीन.

तुझ्या आईचा रकानाही तक्त्यात नाही, म्हणून हे सांगितलं. गुरुजींचा व्हिसा गुरुजींच्या नावावर. आई त्यांच्यावर अवलंबून म्हणून राहणार. ते गेले की तिचं तिथं राहणंही संपलं, स्वतःच्या वयावर आणि पैशावर पुन्हा पात्र ठरावं लागतं. खातं एकट्याच्या नावावर असलं तर बँक गोठवते, कोर्टातून वारस ठरेपर्यंत. इकडे पेन्शन शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी असते, कुटुंब निवृत्तिवेतन पुढे 30 टक्क्यांवर येतं. आई त्या वयात, त्या पैशात, थाई कोर्टाची पायरी चढणार? तू पुण्याहून जाशील म्हणतोस. जाशील रे. आठ दिवसांची सुट्टी घेऊन जाशील.

जमिनीचं तर तू विचारलंच नाहीस, आणि मला तेच जास्त लागलं. तिथं परक्याला जमीन नावावर करता येत नाही. कॉन्डो घेता येतो, तोही इमारतीतल्या 49 टक्क्यांपर्यंतच परक्यांचा. बायकोच्या नाहीतर वकिलाच्या नावानं जमीन घेतलेले गोरे मी पाहिलेत, त्यांची नावं काढत नाही. आणि इकडची दोरी कापली तर? कायमचं बाहेर राहायला गेलेल्याला भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही. आधीची असेल ती ठेवता येते. आपल्या विदर्भाचा कूळकायदा 1958 चा, तो म्हणतो शेतकरी नसलेल्यानं शेत घ्यायचं नाही. चार एकर गेले, सातबाऱ्यावरचं नाव गेलं, की गुरुजींचं शेतकरीपण गेलं आणि त्यासोबत तुझंही. मग एक दिवस परत येऊन म्हणाल, दोन एकर घ्यावं म्हणतो. तलाठी विचारेल, शेतकरी असल्याचा दाखला?

मलेशियाचं म्हणशील तर तिथल्या दीर्घ मुक्कामाच्या योजनेत 2024 पासून सिल्व्हर नावाच्या पायरीलाच 1,50,000 डॉलरची ठेव आणि वर घर विकत घ्यायची अट आहे. तो विषय संपला. मॉरिशसला मराठी माणसं आहेत हे खरं, गणेश चतुर्थीची सरकारी सुट्टी असते. पण त्यांचे पणजे-खापरपणजे उसाच्या मळ्यात गिरमिटिया, म्हणजे करारावरचे मजूर, म्हणून गेले होते, सुट्टी घालवायला नव्हते गेले, आणि घरात आता ती माणसं बहुतेक क्रिओल बोलतात.

हवेचं गुरुजींनी मला फोनवर सांगितलं, "उन्हाळ्यातून सुटतो." कर्कवृत्त भोपाळजवळून जातं, आपण त्याच्या खाली, हे त्यांनीच चौथीच्या वर्गाला शिकवलंय. उष्ण कटिबंधातून निघून उष्ण कटिबंधात चाललेत! आपलं ऊन कोरडं तरी आहे, सावलीत बसलं की सरतं. तिथं घाम वाळत नाही. काकूनं इथून नेलेल्या भिवापुरी मिरचीच्या तिखटाला पावसाळ्यात पांढरी लव आली, पापड कधी कडक झाले नाहीत, माझी सर्टिफिकेटं फायलीत एकमेकांना चिकटली. आणि चियांग माईत फेब्रुवारी ते एप्रिल शेतं-जंगलं जळतात, समोरचा डोंगर दिसत नाही इतका धूर. गुरुजींना दमा नाही, आज नाही. बघ, परत तिथंच आलो.

एवढं वाचून तुला वाटेल काका म्हणतात जाऊच नका. तसं मी म्हणत नाही, उगाच माझ्या नावावर खपवू नको. रिटायर झाले की जाऊ द्या त्यांना. भाड्यानं राहावं, दोन महिने, आईसोबत, साध्या टुरिस्टासारखं. पण डिसेंबरात नाही. डिसेंबरात तिथं सगळंच छान असतं. मार्चमध्ये जावं. जाताना एकही गुंठा विकायचा नाही. तिथं आजारी पडून पाहता येत नाही, पण एखाद्या दवाखान्यात जाऊन पासष्टीच्या आणि पंचाहत्तरीच्या माणसाच्या विम्याचा हप्ता विचारून यावा. तो आकडा आधी लिही, मसाज मागाहून.

आता कामाचं. रविवारी तो व्यापारी इसार घेऊन येणार म्हणतोस. इसारचिठ्ठीवर गुरुजींची सही होऊ देऊ नको. भांडू नको, नुसतं पुढं ढकल, तुझी रजा नाही म्हण, काहीही म्हण. शनिवारी दोघं माझ्याकडे या, सेवापुस्तक, मेडिक्लेमची पॉलिसी आणि आठ-अ घेऊन. तक्ता नव्यानं मांडू, पहिला रकाना ऐंशीचा. काकूशी बोलायचं असेल तर खुशाल बोल, पण गुरुजींसमोर तिला थायलंडचं विचारू नको. ती सगळं उलट सांगेल.

तुझा,
काका