संगणक शंका-समाधान : नव्या मशीनवर जुनी विंडोज

प्रश्न : छापखान्यातल्या जुन्या फाइली पेजमेकर ७ (पानांची मांडणी करण्याचा जुना प्रोग्रॅम) मध्ये आहेत, म्हणून बदललेल्या मशीनवरही विंडोज एक्सपीच टाकायची आहे. सीडीवरून सेटअप सुरू होतो, खाली ‘सेटअप इज स्टार्टिंग विंडोज’ येते आणि लगेच निळी स्क्रीन. कोडच्या शेवटी ७बी आहे. सीडी बदलूनही तेच. (मिरज)

उत्तर : सीडीचा दोष नाही. ७बी म्हणजे विंडोजला हार्ड डिस्कपर्यंत पोहोचता आले नाही. एक्सपी २००१ सालची, साटा (डिस्क जोडण्याची आजची केबल) डिस्कशी बोलण्याची एएचसीआय पद्धत त्यानंतरची; त्यामुळे तिचा ड्रायव्हर (विंडोजला डिस्क ओळखायला लावणारा छोटा प्रोग्रॅम) सीडीवर नाही. ती ओळ दिसेपर्यंत सगळे बायोसच्या (मशीन सुरू करणाऱ्या, बोर्डावरच्याच प्रोग्रॅमच्या) भरवशावर चालते. पुढे विंडोज स्वतःचे ड्रायव्हर वापरू लागते आणि तिथेच आपटते.

बायोसमध्ये साटा मोड एएचसीआयवरून आयडीईवर (एक्सपीला कळणाऱ्या जुन्या पद्धतीवर) न्या. काही बोर्डांवर याला ‘कंपॅटिबल’ किंवा ‘लेगसी’ म्हणतात. सिक्युअर बूट (फक्त सही केलेली सिस्टिम सुरू होऊ देणारी सोय) बंद आणि सीएसएम (जुन्या बायोससारखे वागण्याची सोय) चालू हवे. मशीनमध्ये विंडोज १० असलेली डिस्क असेल तर तिची केबल आधी काढा, नाहीतर मोड बदलल्यावर तीही ७बी देऊन बंद पडू शकते.

आयडीईचा पर्यायच नसेल, तर एनलाइट या मोफत प्रोग्रॅमने सर्व्हिस पॅक ३ असलेल्या सीडीत ३२-बिट एएचसीआय ड्रायव्हर मिसळून नवी सीडी जाळा. ड्रायव्हर घालताना ‘टेक्स्टमोड’ (सेटअपच्या सुरुवातीलाच लागणारा) निवडा, ‘पीएनपी’ (नंतर लागणारा) नको, आणि यादीतून आपल्याच चिपसेटची (बोर्डावरच्या मुख्य चिपची) ओळ घ्या. बहुतेकजण इथेच चुकतात. एफ६ दाबून ड्रायव्हर देण्याची सोयही आहे, पण तो फ्लॉपीवरून मागितला जातो. पेनड्राइव्ह खुपसून उपयोग नाही.

डिस्क जीपीटी पद्धतीची (डिस्कचे भाग नोंदण्याची नवी पद्धत) असेल तर ३२-बिट एक्सपी तिच्यावर बसत नाही. दुसऱ्या मशीनवर डिस्कपार्टमध्ये (विंडोजमधली डिस्क सांभाळणारी कमांड) ‘क्लीन’ देऊन ती एमबीआर (भाग नोंदण्याची जुनी पद्धत) करावी लागेल. डिस्कवरचे सगळे जाते, बॅकअप आधी.

आणि बोर्डावर सीएसएमच नसेल, तर हा हट्ट सोडा. व्हर्च्युअलबॉक्समध्ये (चालू विंडोजच्या आत दुसरे, आभासी मशीन चालवणारा प्रोग्रॅम) एक्सपी घाला : १ जीबी रॅम, २० जीबी डिस्क, कंट्रोलर आयडीई. पेजमेकरला एवढे पुष्कळ झाले. फॉन्टचा डोंगल (परवान्यासाठी मशीनला लावायची चावी) यूएसबीचा असेल तर तो व्हर्च्युअल मशीनला जोडून देता येतो. जुना पॅरलल पोर्टचा असेल तर मात्र अडचण आहे, विक्रेत्याकडे बदलून मिळतो का ते आधी विचारा. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ रोजी संपला, तेव्हा इंटरनेट तोडूनच ठेवा.

प्रश्न : एक्सपीच्या सेटअपमध्ये ७बीऐवजी शेवटी ए५ असलेला कोड येतो. डिस्क आधीच आयडीईवर आहे.

उत्तर : इथे डिस्कचा संबंध नाही. बोर्डाचे एसीपीआय (वीज आणि हार्डवेअर सांभाळण्याची व्यवस्था) एक्सपीला पटत नाही. आधी बायोस अपडेट करून पाहा. नाही जमले तर सेटअपच्या सुरुवातीला, एफ६ची सूचना दिसते त्याच वेळी एफ५ दाबा आणि यादीतून ‘स्टँडर्ड पीसी’ निवडा. किंमत मोजावी लागते : एकच कोअर वापरला जातो आणि शटडाउननंतर बटण दाबून मशीन बंद करावे लागते.

प्रश्न : विंडोज ७ टाकताना भाषा निवडण्याच्या पडद्यावर कीबोर्ड-माउस दोन्ही मरतात. बायोसमध्ये मात्र चालतात.

उत्तर : इंटेलच्या १०० मालिकेच्या चिपसेटपासून (२०१५) यूएसबी २चा वेगळा कंट्रोलर गेला, आणि विंडोज ७च्या सेटअपमध्ये यूएसबी ३चा ड्रायव्हर नाही. पाठीमागे गोल पीएस/२ पोर्ट असेल तर तसा कीबोर्ड लावा, काम भागते. नसेल तर डिझम (विंडोजच्या इमेज फाइली बदलणारी कमांड) वापरून ड्रायव्हर सेटअप डिस्कवरच्या बूट.विम (सेटअप चालवणारी) आणि इन्स्टॉल.विम (डिस्कवर बसणारी विंडोज) या दोन्ही फाइलींत घाला. बूट.विममध्ये इंडेक्स २ (फाइलीतला दुसरा भाग) महत्त्वाचा, सेटअप तिथून चालतो. फक्त बूट.विममध्ये घातलात, तर सेटअप पार पडेल आणि पहिल्या रीस्टार्टनंतर कीबोर्ड पुन्हा गप्प. डिस्क एनव्हीएमई (वेगवान एसएसडीची नवी पद्धत) असेल तर केबी२९९०९४१ हा हॉटफिक्सही (मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती) याच दोन फाइलींत लागतो.