तीन लेट मार्कचा हाफ डे, पण कापायचा कुणाचा?

प्रश्न: नमस्कार मॅडम, मी चाकणला एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत एचआरला आहे. आमच्याकडे नियम असा की दहा मिनिटांच्या वर उशीर झाला की लेट मार्क, महिन्यात तीन झाले की हाफ डे कट. पण मशीन शॉपचे सुपरवायझर तळेगाव चौकातलं ट्रॅफिक सांगितलं की पंचिंगची वेळच बदलून घेतात, आणि स्टोअर्सचे साहेब एक मिनिट सोडत नाहीत. गेल्या महिन्यात स्टोअर्सच्या एका मुलाचा हाफ डे कापला गेला, तर तो येऊन म्हणाला, आम्ही सगळे कंपनीच्या एकाच बसने येतो, मग त्यांचा का नाही कापला? मालक म्हणतात एक तारखेपासून सगळ्यांना कडक लाव. लावू का?
– एक वाचक

उत्तर: नका लावू, निदान हा नियम तरी नको. दहा-पंधरा मिनिटांचे तीन उशीर म्हणजे फार तर पाऊण तास, आणि तुम्ही कापताय चार तासांचे पैसे. माणूस जेवढा वेळ कामावर नव्हता तेवढ्याच प्रमाणात पगार कापता येतो, हे १९३६ च्या वेतन कायद्यात होतं आणि २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. म्हणजे मालक म्हणतात तसं केलंत तर आज एकाच्या बाबतीत होणारी चूक उद्या सगळ्या कंपनीत होईल.

त्या मुलाचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे हो. बस कंपनीची, ती अडकली तर उशीर कंपनीचा, त्याचा लेट मार्क कुणालाच नको, आणि हे सुपरवायझरच्या मर्जीवर न ठेवता नियमातच लिहा. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात अनुचित कामगार प्रथांची यादी आहे, त्यात गुणवत्ता न बघता कामगारांच्या एका गटाला झुकतं माप देणं हीसुद्धा एक प्रथा मोजलेली आहे. तुमचे मशीन शॉपवाले साहेब मनाने चांगले असतील, पण त्यांच्या चांगुलपणाचा फायदा फक्त त्यांच्याच माणसांना मिळतोय आणि स्टोअर्सवाले रोज बघतायत.

पंच बदलणं मात्र आजच बंद करा. खरी वेळ रेकॉर्डला राहू दे, माफ करायचं असेल तर बाजूला कारण आणि सही. ओव्हरटाइम त्याच मस्टरवरून निघतो ना, एकदा वेळा बदलायची सवय लागली की उद्या भांडण झालं तर तुमच्या रेकॉर्डवर कोण विश्वास ठेवणार?

नवा नियम करताना दोन्ही सुपरवायझरना एकत्र बसवा आणि आधी त्यांना विचारा की तुम्ही आत्ता कुणाला सोडता आणि का, कारण खरी कारणं त्यांनाच माहिती असतात, हॅण्डबुक लिहिणाऱ्याला नसतात (बऱ्याच कंपन्यांत ते दुसऱ्या कुणाचं तरी उचललेलं असतं, हे मी खूप ठिकाणी बघितलंय). मग मराठीत आणि हिंदीत नोटीस बोर्डवर लावा, लागू व्हायची तारीख महिनाभर पुढची द्या, आणि माफीचे अर्ज दर महिन्याला दोन्ही खात्यांचे शेजारी शेजारी ठेवून बघा, कुठे फरक पडतोय ते लगेच कळतं.

आणि त्या मुलाचे जास्तीचे कापलेले पैसे याच महिन्याच्या पगारात परत करा, स्लिपवर वेगळे दिसतील असे.