कप लिहा, मग प्रतिष्ठा

परभणी

प्रिय मित्रा,

हॉटेलात दलित पक्षकाराला वेगळ्या कपात चहा दिला, त्या प्रकरणातला तुझा फिर्यादीचा मसुदा वाचला. ‘मानवी प्रतिष्ठेला धक्का पोहोचला’ हे वाक्य तीनदा आलंय आणि कप एकदाच. उलट पाहिजे.

चहा सगळ्यांना तोच, भावही तोच. तुझ्या पक्षकाराचा कप मात्र बाहेर खिडकीत पालथा घातलेला. प्यायल्यावर त्यानंच विसळून ठेवायचा. समोरचा वकील विचारणार, चहा दिला ना, मग भेदभाव कुठला? नुसत्या चहाची तुलना केली तर त्याचं खरंच वाटतं. समतेच्या कायद्यात प्रतिष्ठा लागते ती इथं. एकाला माणूस म्हणून खाली धरलंय, हे चहात नाही, कपात दिसतं.

म्हणून लिही: कप काचेचा की प्लास्टिकचा, कुठं ठेवलेला, बाकीच्यांना कशात दिला, विसळायला कोण म्हणालं, वेळ काय, बाकड्यावर कोण बसलं होतं. बोललेले शब्द जसेच्या तसे; शुद्ध करू नकोस. पंचनाम्यात दोन्ही तऱ्हेचे कप घ्यायला लाव. चार दिवस गेले की खिडकीतला कप नाहीसा होतो.

संविधानाचा आधार अनुच्छेद १७ (अस्पृश्यतेवर बंदी) आणि १५(२) (हॉटेलं-दुकानांत जातीवरून भेदभाव नको). नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ च्या कलम ४ मध्ये हॉटेलातल्या भांड्यांचा उल्लेखच आहे. कलम १२ तू घेतलंच नाहीस! पीडित अनुसूचित जातीचा असेल, तर कृत्य अस्पृश्यतेपायी झालं असं न्यायालय गृहीत धरतं. तसं नव्हतं हे आरोपीनं दाखवायचं. तेव्हा जातीचा दाखला आधी जोड.

जातीवरून शिवीगाळ झाली असेल तर ॲट्रॉसिटी कायद्याचं, म्हणजे अनुसूचित जाती-जमातींवरचे अत्याचार रोखणाऱ्या कायद्याचं, कलम ३(१)(आर) आणि (एस) बघ. दोन्हींत जागा लोकांच्या नजरेतली लागते. चार भिंतींआड, बाहेरचं कुणी नसताना झालेला अपमान त्यात बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये हितेश वर्मा प्रकरणात म्हटलंय. बाकड्यावरची नावं त्यासाठीच.

पक्षकाराला किती वाईट वाटलं यावर पानं घालवू नकोस. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं १९९९ मध्ये प्रतिष्ठा ही समतेची कसोटी केली आणि २००८ मध्ये मागं घेतली, कारण दाद मागणाऱ्यावरच जास्तीचं ओझं पडायला लागलं. तो रडला नसेल, तरी कप वेगळाच होता.

तुझ्या दुसऱ्या, ऊसतोडीच्या मजुरीच्या प्रकरणातही असंच, आधी पुरावा. नवरा-बायको मिळून एकच ‘कोयता’, म्हणजे मजुरीचं एक एकक, धरतात; उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, बहुधा नवऱ्याच्या नावावर. बाईची मजुरी मागायची तर मुकादमाच्या वहीचं पान आधी मिळव.

पक्षकाराला उद्याच बोलव आणि हॉटेलाचा नकाशा त्याच्याच हातानं काढून घे.

तुझा,
काका