सह्यांची निवेदनं देऊन काही होतं का, की सरळ आंदोलनच करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पाणी आणि रस्त्यासाठी तुमच्या भागातल्या २०० लोकांच्या सह्यांचं निवेदन दोनदा दिलं, स्वीकारताना फोटो निघाले, 'बघतो' असं आश्वासन मिळालं आणि पुढे काहीच झालं नाही. मग निवेदन देण्यात अर्थ आहे का?

अर्थ आहे. पण निवेदन दिलं त्या दिवशी काम संपलं असं आपण धरतो, आणि घोडं तिथेच पेंड खातं. आमच्या गल्लीला पाण्यासाठी तीन वर्षं झगडावं लागलं. त्यातली जवळजवळ दोन वर्षं आम्ही तुमच्यासारखीच निवेदनं देत होतो.

आमचा भाग जलवाहिनीच्या शेवटच्या टोकाला आहे. वरच्या आळीत पाणी तासभर यायचं, आमच्याकडे कधी वीस मिनिटं, तर कधी नळातून नुसती हवा. पहिलं निवेदन आम्ही सात जणांच्या नावे लिहिलं, मंत्र्यांपासून मुख्याधिकाऱ्यांपर्यंत. शेवटी 'तरी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा ही नम्र विनंती'. सातही ठिकाणांहून ते 'उचित कार्यवाहीसाठी' असा शेरा मारून खाली आलं आणि पाणीपुरवठा विभागातल्या एकाच टेबलावर सात प्रती गोळा झाल्या. सगळ्यांना लिहिलं की उत्तर द्यायची जबाबदारी कुणाचीच राहत नाही. दुसरं निवेदन आम्ही मोठ्या साहेबांच्या थेट हातात दिलं. सहा महिन्यांनी चौकशीला गेलो तेव्हा खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "आवक क्रमांक काय?" आमच्याकडे फोटो होता, क्रमांक नव्हता. त्या कार्यालयाच्या लेखी आमचं निवेदन कधी आलंच नव्हतं.

आमच्या शेजारी महसूल खात्यातून निवृत्त झालेले एक काका राहतात. ते म्हणाले, "साहेबाच्या हातात कागद देऊ नकोस. साहेब बदलतो. टपालात दे. टपाल बदलत नाही." तिसऱ्या वेळी ते स्वतः सोबत आले. आवक-जावकच्या टेबलावर जाड नोंदवही, बाजूला शाईचं पॅड आणि गोल शिक्का. त्यांनी निवेदनाच्या दोन प्रती नेल्या होत्या. एक आत गेली. दुसरीवर शिक्का उमटला, त्यात निळ्या पेनाने क्रमांक आणि तारीख पडली, खाली छोटी सही झाली. काकांनी ती प्रत उजेडात धरून क्रमांक नीट वाचता येतोय ना हे पाहिलं आणि तिथल्या तिथे झेरॉक्स काढायला पाठवलं. आमच्या लढ्यातला सगळ्यात मोलाचा कागद तो. पुढचं प्रत्येक पत्र 'संदर्भ : आवक क्र. अमुक' इथूनच सुरू झालं.

आता मजकुराबद्दल, कारण तुमच्या प्रश्नातलं 'पाणी आणि रस्ता' वाचून मला काळजी वाटली. एका निवेदनात एकच विषय ठेवा. पाण्याचं टेबल वेगळं, रस्त्याचं वेगळं. दोन्ही एकत्र लिहिलंत तर कागद एका टेबलावर अडकतो आणि दुसरा विभाग म्हणतो, आमच्याकडे काही आलंच नाही. ज्याला निर्णयाचा अधिकार आहे त्या एकाच अधिकाऱ्याच्या पदनामाने लिहा, बाकीच्यांना खाली 'प्रत माहितीसाठी'. आणि मराठीत लिहा, मनात किंतू न ठेवता. राज्यघटनेचा अनुच्छेद ३५० सांगतो की तक्रार दूर करून घेण्यासाठी संघराज्याच्या किंवा राज्याच्या कुठल्याही अधिकाऱ्याकडे, तिथे वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क प्रत्येक व्यक्तीला आहे. निवेदन हा आपला घटनादत्त हक्क आहे, त्यामुळे 'मेहेरबान साहेब' लिहायची काहीच गरज नाही. नम्र जरूर असावं, लाचार असू नये.

मागणी कशी असावी हे मी एकोणिसाव्या शतकातले कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्याकडून शिकलो. १८८४ साली त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरवली आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचं निवेदन कारखाना आयोगापुढे ठेवलं. त्यात 'कामगारांचे हाल थांबवा' असं मोघम काही नव्हतं. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला बंद, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, कामावर जखमी झालेल्याला भरपाई. प्रत्येक मागणी पूर्ण झाली की नाही हे कुणालाही घड्याळ किंवा दिनदर्शिका पाहून सांगता आलं असतं. रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० मध्ये, म्हणजे सहा वर्षांनी. मधल्या काळात त्यांनी सभा घेतल्या, पुन्हा अर्ज केले. मी कंटाळलो की ही सहा वर्षं आठवतो. ज्या माणसामुळे आपण रविवारी घरी असतो, त्याला पहिल्या निवेदनावर काहीच मिळालं नव्हतं.

हे वाचल्यावर आम्ही आमची मागणी बदलली. 'पाण्याची समस्या सोडवा' खोडलं. त्याऐवजी लिहिलं: प्रत्येक भागाला पाणी किती वाजता आणि किती वेळ सोडलं जातं याचं वेळापत्रक लेखी द्या आणि फलकावर लावा, सगळ्या भागांना सारखा वेळ द्या, शेवटच्या नळजोडणीवरचा दाब आमच्यासमोर मोजा, आणि हे होणार नसेल तर का होणार नाही, हे सही आणि पदनामासह कळवा. शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. नकारसुद्धा लेखी मागायचा. लेखी नकारावर वरच्या अधिकाऱ्याकडे दाद मागता येते. तोंडी 'बघतो' वर काहीच करता येत नाही.

तरीही एक महिना गप्पच गेला. मग माहिती अधिकार वापरला. तुम्ही तो वापरल्याचं लिहिलेलं नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. महाराष्ट्रात अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तोही माफ आहे. माहिती ३० दिवसांत द्यावी लागते. न मिळाल्यास त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. सबळ कारणाशिवाय माहिती अडवणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड होऊ शकतो आणि तो त्याच्या स्वतःच्या खिशातून जातो. मात्र 'आमच्यावर अन्याय का होतोय?' असं विचारू नका. 'का'ला हा कायदा बांधील नाही, तो कागदाला बांधील आहे. आमचा अर्ज दोन ओळींचा होता: आवक क्रमांक अमुकच्या निवेदनावर झालेल्या कार्यवाहीच्या नस्तीची (म्हणजे फाइलची), टिपण्यांसह, प्रत द्यावी, आणि ते निवेदन कोणत्या पदावरच्या अधिकाऱ्याकडे कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत होतं, त्याच्या नोंदीची प्रत द्यावी. हा अर्ज पोचल्यावर आठवडाभरात आमच्या नस्तीवर पहिली टिपणी पडली. त्याआधी ती कोरी होती, हे नंतर मिळालेल्या प्रतीवरच्या तारखांवरून कळलं.

सोबत दुसरा अर्ज केला, अभिलेखाच्या पाहणीचा. हा हक्क फार थोडे लोक वापरतात. कागदाची प्रत न मागता कार्यालयात बसून वही पाहता येते. आम्ही तिघं एका दुपारी पाणी सोडण्याची नोंदवही घेऊन बसलो. कडा मऊ पडलेली, मधली काही पानं पाण्याने फुगलेली वही. व्हॉल्व्ह उघडल्याची वेळ, बंद केल्याची वेळ, कर्मचाऱ्याची सही. दोन महिन्यांच्या नोंदी उतरवल्या. वरच्या आळीला बहुतेक दिवशी ५.४० ते ६.४५. आम्हाला ७.३० ते ७.५०. तफावत त्यांच्याच वहीत, त्यांच्याच अक्षरात होती.

त्या वहीत आणखी एक गोष्ट दिसली आणि तिने माझा राग निवळला. पहाटे चारपासून आठपर्यंत सगळ्या नोंदींवर एकच सही होती. चौदा व्हॉल्व्ह आणि एकच माणूस. तो आमच्याकडे पोचेपर्यंत टाकी तळाला गेलेली असायची. दोन वर्षं आम्ही त्या माणसाला मुद्दाम करतो म्हणून बोल लावत होतो. त्याच्याविरुद्ध तक्रार केली असती तर त्याला नोटीस गेली असती आणि पाणी होतं तिथेच राहिलं असतं. उत्तरदायित्व मागताना बोट खालच्या माणसाकडे सहज वळतं, कारण तोच रोज समोर दिसतो. त्या पाळीला दुसरा माणूस का नेमला नाही, याचं उत्तर वर होतं. पुढच्या निवेदनात आम्ही नोंदींचा तक्ता जोडला आणि दुसऱ्या कर्मचाऱ्याची मागणी पहिल्या क्रमांकावर लिहिली. पुढे एकदा तोच कर्मचारी आम्हाला रस्त्यात थांबवून म्हणाला, "दादा, माझ्यासाठी कुणी लिहिलं नव्हतं आजवर."

तो तक्ता जोडल्यापासून चार महिन्यांत दुसरा माणूस आला आणि आमचा क्रम एक दिवसाआड उलटा करण्यात आला. आज आम्हाला साधारण पाऊण तास पाणी मिळतं, वरच्या आळीलाही तेवढंच. तिकडचे काही लोक आमच्यावर नाराज झाले. त्यांना आम्ही तोच तक्ता दाखवला. कुणाच्या तोंडचं काढून द्या असं आम्ही म्हटलं नव्हतं, सगळ्यांना एकच माप लावा म्हटलं होतं.

सह्यांबद्दल. २०० सह्या चांगल्याच, पण त्या पत्त्यासह आहेत का? १८७० मध्ये लोकांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडणारी 'सार्वजनिक सभा' ही संस्था पुण्यात स्थापन झाली तेव्हा सभासद व्हायला किमान पन्नास लोकांचं मुखत्यारपत्र आणावं लागे. तुम्ही कोणाच्या वतीने बोलताय, असं सरकारने विचारलं तर उत्तर तयार असावं, हा त्यामागचा विचार. तुमच्या यादीत नाव, घर क्रमांक आणि शक्य असेल तर नळजोडणी क्रमांक लिहून घ्या. भाडेकरू, कंत्राटी कामगार, कार्यालयाशी रोजचा संबंध असणारे लोक सही करायला घाबरतात. त्यांच्यावर दबाव आणू नका आणि राग धरू नका.

इतर दारंही आहेत, ती थोडक्यात. जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, तालुका पातळीवर तिसऱ्या सोमवारी. अर्ज विहित नमुन्यात, १५ दिवस आधी द्यावा लागतो आणि तक्रार वैयक्तिक स्वरूपाची लागते, त्यामुळे तुमचं सामूहिक निवेदन तिथे बसणार नाही. पण प्रत्येक घर आपापला अर्ज देऊ शकतं. दाखले, परवाने, नळजोडणी अशा अधिसूचित सेवांसाठी २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे, तिथे मुदत ठरलेली असते. आणि शासकीय कर्मचाऱ्यांच्या टेबलावर नस्ती साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांहून जास्त पडून राहू नये, असं २००५ चा कायदा सांगतो, ज्याला लोक दप्तर दिरंगाई कायदा म्हणतात. स्मरणपत्रात या तरतुदीचा उल्लेख जरूर करा.

आंदोलनाचं म्हणाल तर मी त्याच्या विरोधात नाही. लोखंड्यांनीही १८९० मध्ये मुंबईत हजारो कामगारांची सभा घेतली, तिथे दोन कामगार स्त्रियांनी भाषणं केली. पण तोवर त्यांच्या मागण्या सहा वर्षांपासून लेखी नोंदलेल्या होत्या. तुम्ही रस्त्यावर बसलात आणि अधिकारी समोर येऊन म्हणाला, 'आमच्याकडे अर्जच नाही,' तर बसलेल्या माणसांचा सगळा दिवस वाया जाईल. म्हणून आधी कागद उभा करा.

तुमच्या जुन्या दोन निवेदनांपासूनच सुरुवात करा. ती कोणत्या तारखांना दिली ते फोटोंवरून कळेलच. त्या तारखांच्या आधीचे दोन आणि नंतरचे सात दिवस धरून आवक नोंदवहीच्या पानांची प्रत माहिती अधिकारात मागा. नोंद सापडली तर क्रमांक मिळाला, लगेच नस्तीची प्रत मागा. नोंद नसेल तर पाण्याचं एक आणि रस्त्याचं एक, अशी नवीन निवेदनं दोन-दोन प्रतींत घेऊन टपालाच्या खिडकीवर जा, आणि शिक्का उमटल्याशिवाय तिथून निघू नका.